आकड्यामागचा माल : बडोद्यात कंपनीच्या वित्त विभागात पाय रोवताना

दरवर्षी निकालांचा हंगाम आला की दांडिया बाजार, रावपुरा, शियाबाग अशा बडोद्यातील आपल्या मराठी वस्त्यांमधून कोणाचा तरी मुलगा किंवा मुलगी वडिलांबरोबर माझ्याकडे येते. बी.कॉम. झालेले असते, सीएची इंटरमीडिएट एखाद्या ग्रुपवर अडकलेली असते, किंवा एमबीएला प्रवेश घ्यावा की नाही यावर घरात खल चाललेला असतो. प्रश्न ठरलेला असतो : "काका, कोणता कोर्स केला म्हणजे चांगल्या कंपनीत फायनान्सला लागता येईल?" याच शहरातील कंपन्यांच्या वित्त विभागांत चोवीस वर्षे काढल्यावर मला या प्रश्नाचे उत्तर एखाद्या कोर्सचे नाव घेऊन देता येत नाही. कंपनीच्या पुस्तकातील प्रत्येक आकड्यामागे कोठेतरी ठेवलेला माल असतो, कोणाच्या तरी टेबलावर अडलेला कागद असतो किंवा कोणीतरी ग्राहकाला दिलेला शब्द असतो. ज्याला आकड्यापासून तिथपर्यंत चालत जाण्याची सवय लागते, त्याला पुढची वाट सापडते. ती सवय कशी लावावी आणि ती लावताना नोकरीतील इतर गोष्टी कशा सांभाळाव्यात, हे येथे क्रमाने लिहीत आहे.

आधी विभाग समजून घ्या

बाहेरून पाहणाऱ्याला फायनान्स म्हणजे एकच खोली वाटते, पण मध्यम आकाराच्या कंपनीतही तेथे चार-पाच निरनिराळी कामे चालतात. रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद हा हिशेबाचा भाग झाला. जीएसटी आणि आयकर हा कराचा. बँकेतील शिल्लक, कॅश क्रेडिट (बँकेने रोजच्या धंद्यासाठी दिलेले कर्ज), लेटर ऑफ क्रेडिट (पुरवठादाराला पैसे मिळतील अशी बँकेची हमी) आणि परकीय चलन ज्यांच्याकडे असते त्यांना ट्रेझरीवाले म्हणतात. उत्पादनाचा खर्च काढणारे कॉस्टिंगमध्ये बसतात, तर अंदाजपत्रक बांधून दर महिन्याला प्रत्यक्षाशी ताडून पाहणारे एमआयएस, म्हणजे व्यवस्थापनासाठीचे अहवाल, सांभाळतात. अंतर्गत लेखापरीक्षण बहुधा वेगळे असते किंवा बाहेरच्या फर्मकडे दिलेले असते. मुलाखतीला जाण्यापूर्वी आपण यांपैकी कोणत्या टेबलावर बसणार आहोत, हे स्पष्ट विचारून घ्यावे, कारण "फायनान्स एक्झिक्युटिव्ह" या नावाखाली तीन वर्षे केवळ पुरवठादारांची बिले चढवत बसलेली हुशार मुले मी पाहिली आहेत.

बडोद्याचे भाग्य असे की येथे कारखाने आहेत. कोयलीची रिफायनरी १९६५ सालापासून चालू आहे, फर्टिलायझरनगरला खताचा कारखाना आहे, औषधांच्या कंपन्या आहेत, ट्रान्सफॉर्मर बनवणारे आहेत, आणि मकरपुरा, नंदेसरी, वाघोडिया, सावली, हालोल या पट्ट्यात लहानमोठे असंख्य उद्योग आहेत. माझे मत विचाराल तर पहिली नोकरी फार मोठ्या कंपनीत घेऊ नये. तेथे काम इतके वाटलेले असते की तुमच्या वाट्याला एखादी पट्टीच येते. शंभर ते चारशे कोटींची उलाढाल असलेल्या उत्पादक कंपनीत कच्चा माल फाटकातून आत येतानाही दिसतो, तयार माल बाहेर जातानाही दिसतो, आणि त्याचे पैसे बँकेत कधी आले हेही त्याच खोलीत बसून कळते. पगार दोन-तीन हजारांनी कमी असला तरी पहिली तीन वर्षे अशा ठिकाणी घालवावीत.

आपल्या समाजाबद्दल एक गोष्ट येथेच सांगतो, कारण ती पुढे उपयोगी पडणार आहे. आपले पूर्वज बडोद्याला आले ते गायकवाडी दरबाराच्या आणि फौजेच्या चाकरीत. त्यामुळे घरात अजूनही बँक किंवा सरकारी नोकरी म्हणजे पक्की नोकरी, आणि शेठची नोकरी म्हणजे बेभरवशाची, असा समज आहे. पण याच शहरात १९०७ साली अलेम्बिक उभी करणाऱ्या तिघांमध्ये प्रा. गज्जर आणि अमीन यांच्या बरोबरीने कोटिभास्कर होते, आणि २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदा स्थापन झाली ती महाराजा सयाजीरावांच्या पुढाकाराने. धंद्याची भाषा आपल्याला परकी नाही. 'उघराणी', म्हणजे ग्राहकांकडून यायचे पैसे, हा शब्द मराठीत आणि गुजरातीत एकच आहे, आणि कंपनीच्या फायनान्समधील निम्मे शहाणपण त्या एका शब्दात साठवलेले आहे.

कोर्सविषयी थोडक्यात

सीए ही या क्षेत्रातील सर्वांत खणखणीत पदवी आहे, याबद्दल वाद नाही. नव्या योजनेत इंटरमीडिएटचे दोन्ही ग्रुप पार केल्यावर दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएंच्या फर्ममधील उमेदवारी, करावी लागते. ती निवडताना फर्मच्या नावापेक्षा फर्मकडे कोणते काम आहे हे पाहावे. ज्या फर्मकडे कारखान्यांचे वैधानिक लेखापरीक्षण आणि बँकांच्या वतीने होणारे स्टॉक ऑडिट आहे, तेथे तुम्हाला गोदामात उभे राहून पिंप मोजावे लागतील, आणि तेच शिकण्यासारखे आहे. केवळ रिटर्न भरणाऱ्या फर्ममध्ये दोन वर्षे गेली तर कंपनीत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

सीएमए, म्हणजे कॉस्ट अँड मॅनेजमेंट अकाउंटंट, या पदवीला आपल्याकडे उगाचच दुय्यम मानतात. पेट्रोलियम पदार्थ, औषधे आणि खते या उद्योगांमध्ये ठरावीक उलाढालीच्या वर खर्चाच्या नोंदी ठेवणे आणि खर्चाचे लेखापरीक्षण करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि बडोद्यात नेमके हेच तिन्ही उद्योग आहेत. ज्याला यंत्र, तास, वाया जाणारा माल यांत रस आहे त्याने सीएमएचा गंभीरपणे विचार करावा. सीएफए (चार्टर्ड फायनान्शियल अॅनालिस्ट) गुंतवणूक आणि मूल्यांकनाकडे जाणाऱ्यांसाठी आहे. कारखान्याच्या वित्त विभागात तिचा उपयोग मर्यादित. एमबीए करायचे असेल तर दोन-तीन वर्षांच्या नोकरीनंतर, आणि संस्था चांगली मिळाली तरच.

इंटरवर अडकलेल्यांना एवढेच सांगतो की आणखी किती प्रयत्न करायचे ते आधी ठरवा, घरी सांगा आणि ती संख्या संपली की नोकरी धरा. अपुरी राहिलेली सीए लपवू नये. अर्जात "सीए इंटर, एक ग्रुप उत्तीर्ण" असे सरळ लिहिणाऱ्याला या शहरात काम मिळते.

पहिले वर्ष : खेळते भांडवल शिका

नव्या माणसाने सर्वांत आधी काय शिकावे असे मला विचारले तर मी खेळते भांडवल, म्हणजे रोजचा धंदा चालवण्यात गुंतलेला पैसा, असे म्हणेन, कारण नफा कागदावर दिसतो पण पगार आणि पुरवठादार रोकडीतून भागतात. एक उदाहरण घेऊ. वर्षाला १२० कोटींची विक्री करणारी कंपनी आहे. तिचे ग्राहक सरासरी ७५ दिवसांनी पैसे देतात, म्हणजे कोणत्याही दिवशी सुमारे २४.७ कोटी रुपये उघराणीत अडकलेले आहेत. विकलेल्या मालाचा वार्षिक खर्च ९० कोटी आणि साठा ६० दिवसांचा धरला तर गोदामात १४.८ कोटी पडून आहेत. वार्षिक खरेदी ७२ कोटी आणि पुरवठादारांना आपण ४५ दिवसांनी पैसे देतो असे मानले तर त्यांचे ८.९ कोटी आपण वापरत आहोत. बेरीज-वजाबाकी केली तर धंदा चालू ठेवण्यासाठी सुमारे ३०.६ कोटी रुपये कायम गुंतलेले राहतात, आणि साडेनऊ टक्के दराने त्याचे व्याज वर्षाला २.९ कोटी होते. आता उघराणी केवळ दहा दिवसांनी लवकर आली तर ३.३ कोटी मोकळे होतात आणि वर्षाचे सुमारे ३१ लाख रुपये व्याज वाचते. हे गणित आपल्या कंपनीच्या आकड्यांवर पहिल्याच महिन्यात स्वतःच्या हाताने मांडून पाहावे. ज्याला हे गणित तोंडपाठ आहे त्याला कोणत्याही बैठकीत बोलण्यासारखे काहीतरी असते.

पण हे दहा दिवस कमी कसे करायचे? येथे एक्सेल थांबते आणि चालणे सुरू होते. उघराणीची वयवार यादी, जिला सगळे एजिंग म्हणतात, ती उघडा आणि ९० दिवसांहून जुन्या रकमांपैकी सर्वांत मोठ्या तीन घ्या. ग्राहकाला पैसे द्यायचे नाहीत, असे कारण क्वचितच निघते. बिलावरील पर्चेस ऑर्डरचा क्रमांक चुकलेला असतो. ग्राहकाच्या स्टोअरने माल मिळाल्याची नोंद, म्हणजे जीआरएन, केलेली नसते. तपासणीचा अहवाल जोडलेला नसतो. यंत्र चालू होईपर्यंत दहा टक्के रक्कम रोखून ठेवण्याची अट करारात असते आणि यंत्र चालू होऊन चार महिने झाले तरी ते प्रमाणपत्र आपण मागितलेलेच नसते. उशिरा माल दिल्याबद्दलची कपात असेल तर ती योग्य आहे की जास्त आहे, हे डिस्पॅचच्या नोंदी पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका ग्राहकाकडे ३८ लाखांची उघराणी चौदा महिने पडून होती. यादीत तिच्यासमोर "वादग्रस्त" असा शेरा होता आणि तो कोणी लिहिला हे कोणालाच आठवत नव्हते. मी बुडीत रकमेच्या तरतुदीचे टिपण तयार केले, व्यवस्थापकांची सही घेण्यापूर्वी केवळ चलनाची प्रत हवी म्हणून स्टोअरमध्ये गेलो, तेव्हा तेथील एका वयस्क भाईंनी ते चलन पाहताच ओळखले. माल बरोबर गेला होता, फक्त त्यासोबत जायचे टेस्ट सर्टिफिकेट त्या दिवशी गुणवत्ता विभागात सहीसाठी राहिले होते. ते अजूनही तेथील फायलीत होते. आम्ही ते पाठवले आणि तीन आठवड्यांत पूर्ण रक्कम जमा झाली. चौदा महिने आमच्या विभागातील प्रत्येकाने ती ओळ दर महिन्याला छापली होती आणि दोनशे पावलांवरच्या स्टोअरमध्ये कोणी गेले नव्हते. त्यांत मीही होतो. त्या दिवसापासून मी आठवड्यातील एक सकाळ विभागाबाहेर काढण्याचा नियम केला आणि माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येकाला तो लावला. फाटक, वजनकाटा, स्टोअर, उत्पादन, गुणवत्ता, डिस्पॅच, याच क्रमाने फिरावे, म्हणजे माल ज्या वाटेने जातो ती वाट पायांना कळते. तेथे गुजरातीत बोलावे. मोडकेतोडके असले तरी चालते. आणि ज्यांच्याकडे माहिती मागायला जातो त्यांच्या कामाची एखादी अडचण, जसे की वाहतूकदाराचे थकलेले बिल, परत येऊन सोडवून द्यावी.

जुन्या उघराणीचा फटका दोनदा बसतो, हेही समजून घ्या. बँक कॅश क्रेडिटची मर्यादा मंजूर करते, पण प्रत्यक्षात किती उचलता येईल हे दर महिन्याला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटवरून ठरते; त्याला ड्रॉइंग पॉवर म्हणतात. वरच्याच कंपनीत साठा १४.८ कोटी आणि त्यातील पैसे न दिलेल्या मालाची देणी ८.९ कोटी वजा जाता ५.९ कोटी उरतात. त्यावर २५ टक्के मार्जिन, म्हणजे कंपनीने स्वतः घालायचा वाटा, धरले तर ४.४ कोटी. उघराणीपैकी ९० दिवसांच्या आतील २० कोटी धरली जाते, तिच्यावरही २५ टक्के मार्जिन गेले की १५ कोटी. एकूण १९.४ कोटी. उरलेली पावणेपाच कोटींची जुनी उघराणी बँकेच्या लेखी शून्य आहे. मार्जिन आणि दिवसांची मर्यादा प्रत्येक मंजुरीपत्रात वेगळी असू शकते, म्हणून आपल्या कंपनीचे मंजुरीपत्र मागून घ्या आणि पहिल्या पानापासून शेवटच्या अटीपर्यंत वाचा. विभागात वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांनीही ते वाचलेले नसते.

महिन्याचे आणि वर्षाचे चक्र

तारखा भिंतीवर लिहून ठेवाव्यात. दर महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस, म्हणजे पैसे देताना कापून ठेवलेला कर (मार्चचा मात्र ३० एप्रिलला), ११ ला विक्रीचे विवरण जीएसटीआर-१, २० ला कर भरण्याचे विवरण जीएसटीआर-३बी. आगाऊ कराचे हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या दिवशी अनुक्रमे १५, ४५, ७५ आणि १०० टक्क्यांपर्यंत पूर्ण करायचे. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर तिमाही निकाल ४५ दिवसांत आणि वर्षाचे ६० दिवसांत जाहीर करावे लागतात, म्हणजे एप्रिल आणि मे या महिन्यांत घरातील लग्नकार्ये तुमच्याविना होतील, याची कल्पना घरच्यांना आधीच द्यावी.

या तारखांपेक्षा ज्याकडे अधिक लक्ष द्यावे असे मला वाटते ती गोष्ट म्हणजे लहान पुरवठादारांची देणी. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून असे थकलेले पैसे ज्या वर्षी प्रत्यक्ष दिले जातील त्याच वर्षी आयकरात खर्च म्हणून धरता येतात. मकरपुऱ्यातील ज्या शेडमधून तुमच्या कंपनीला गॅस्केट किंवा कॉइल येतात तेथे आठ-दहा कामगारांचा पगार तुमच्या एका चेकवर अवलंबून असतो. कोणता पुरवठादार उद्यम या सरकारी नोंदणीत आहे, सूक्ष्म आहे की लघु, याची यादी अद्ययावत ठेवण्याचे काम नव्या माणसाने आपणहून मागून घ्यावे. ते काम कोणाला नको असते, आणि त्यातून संपूर्ण खरेदी विभाग ओळखीचा होतो.

३१ मार्चची रात्र

आता ज्या प्रसंगाविषयी कोणत्याही वर्गात शिकवत नाहीत त्याबद्दल. वर्षअखेरीला विक्रीचे उद्दिष्ट थोडक्यात हुकत असते आणि कोणीतरी वरिष्ठ येऊन म्हणतो की बिल आज काढून टाक, गाडी दोन दिवसांनी जाईल. मालावरील नियंत्रण ग्राहकाकडे गेल्याशिवाय ती विक्री धरता येत नाही. इंड एएस ११५ हे लेखा मानक तेच सांगते आणि साधा व्यवहारही तेच सांगतो. माल आपल्या फाटकाच्या आत आहे आणि बिल बाहेर आहे, अशी ती स्थिती असते.

हे घडल्यावर काय करावे? आवाज चढवू नये आणि मूगही गिळू नये. प्रथम ती सूचना ईमेलने मागावी : "अमुक क्रमांकाच्या ऑर्डरचे बिल ३१ मार्चच्या तारखेने काढण्याची सूचना आहे, मात्र फाटकाच्या नोंदीप्रमाणे माल अद्याप आवारात आहे. कृपया पुढे कसे जावे ते कळवावे." एवढे दोन शांत शब्द लिहिले की दहापैकी बहुतेक वेळा सूचना मागे घेतली जाते, कारण सांगणाऱ्यालाही ती लेखी द्यायची नसते. तरीही आग्रह राहिला तर वित्त प्रमुखांकडे जावे आणि त्या बिलामुळे नफा किती रकमेने वाढून दिसेल हे सांगावे. त्यांनीच सांगितले असेल, तर सूचिबद्ध कंपनीत गैरप्रकाराची तक्रार निर्धास्तपणे करता यावी म्हणून व्हिजिल मेकॅनिझम ही व्यवस्था असणे २०१३ च्या कंपनी कायद्याने बंधनकारक आहे, त्याचा आधार घ्यावा. आणि काहीही झाले तरी आपल्या लॉगिनमधून ती नोंद करू नये, आपला पासवर्ड दुसऱ्याला देऊ नये. हे मी हळव्या मनाने लिहीत नाही. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी कबुलीपत्र दिले तेव्हा ताळेबंदात दाखवलेल्या रोख आणि बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते; २०१५ साली विशेष न्यायालयाने ज्या दहा जणांना दोषी ठरवले त्यांत प्रवर्तकांबरोबर वित्त विभागात नोकरी करणारेही होते. "साहेबांनी सांगितले म्हणून केले" हा बचाव तुमच्या मदतीला येत नाही. बँकेच्या शिलकेचा दाखला नेहमी थेट बँकेकडून मागवावा, कोणी आणून दिलेल्या छापील पत्रावर टिक करू नये.

माझ्या एका जुन्या नोकरीत अशा नकाराची किंमत मला एका वर्षाच्या पगारवाढीने मोजावी लागली. घरी ते सांगणे अवघड गेले. पण दोन वर्षांनी दुसऱ्या कंपनीने माझ्याविषयी चौकशी केली तेव्हा आमच्या लेखापरीक्षकांनी माझ्याबद्दल जे सांगितले त्यावरच मला ती नोकरी मिळाली, हे मला पुढे तेथील संचालकांकडून कळले. बडोद्याचे वित्त क्षेत्र लहान आहे. लेखापरीक्षक, बँकेचे अधिकारी आणि सल्लागार तेच ते असतात.

याच ओघात घरच्यांसाठीही एक सूचना. सूचिबद्ध कंपनीच्या वित्त विभागात असाल तर तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर झाल्यानंतरच्या ४८ तासांपर्यंत तुम्हाला आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या किंवा शेअर व्यवहारात तुमचा सल्ला घेणाऱ्या जवळच्या नातेवाइकांना कंपनीच्या शेअरचे व्यवहार करता येत नाहीत. आणि रविवारी जेवताना मामांनी सहज विचारले, "यंदा कंपनीचे बरे चालले आहे ना?" तरी तेथे हसून विषय बदलावा. न जाहीर झालेली माहिती कोणालाही सांगणे हाच गुन्हा आहे. मामांनी शेअर घेतले की नाही, याचा त्याच्याशी संबंध नाही.

बोलणे आणि लिहिणे

आपल्या मुलांची मोठी उणीव म्हणजे बैठकीतील मौन. वडीलधाऱ्यांपुढे विचारल्याशिवाय बोलू नये, हे घरचे वळण चांगले आहे, पण मासिक आढाव्यात ते नडते. उपाय असा की बैठकीपूर्वी एका पानाचे टिपण लिहावे आणि आपली पाळी येण्याआधीच ते सर्वांना पाठवावे. टिपणात आधी कारण मालाच्या भाषेत, मग रक्कम, मग कोणी काय केव्हापर्यंत करायचे. "उघराणीचे दिवस ७५ वरून ८३ झाले, कारणे तपासत आहोत" या वाक्याने कोणाचेच भले होत नाही. त्याऐवजी असे लिहावे : "चार ट्रान्सफॉर्मर ग्राहकाच्या जागेवर पोहोचले आहेत, पण पाया तयार नसल्याने बसवलेले नाहीत, म्हणून २.६ कोटी अडले आहेत. विक्री विभागाने १५ तारखेपर्यंत पायाचे काम ग्राहकाकडून लेखी कबूल करून घ्यावे." असे वाक्य ऐकल्यावर उत्पादन प्रमुखही मान वर करून पाहतो, कारण त्यात त्याचा माल आहे.

पगार, बदल आणि निरोप

सीटीसीचे, म्हणजे तुमच्यावर कंपनीचा वर्षाला होणारा एकूण खर्च दाखवणाऱ्या आकड्याचे, गणित घरी समजावून सांगा, नाहीतर अपेक्षाभंग होतो. समजा ९ लाखांचे पत्र आले. मूळ पगार ४.५ लाख धरला तर कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा १२ टक्के वाटा ५४,००० रुपये, ग्रॅच्युइटीसाठी ४.८१ टक्क्यांप्रमाणे सुमारे २१,६०० रुपये आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम ९०,००० रुपये त्यातच धरलेली असते. ती वजा केली, आणि पगारातून कापला जाणारा तुमचा स्वतःचा ५४,००० चा वाटाही वजा केला, की महिन्याला सुमारे ५६,७०० हातात येतात, आणि त्यातून अजून आयकर व व्यवसाय कर जायचे असतात. नऊ लाखांना बाराने भागून आलेले ७५,००० कोणालाही सांगू नका, विशेषतः गृहकर्जाचा हप्ता ठरवताना.

नोकरी बदलावी ती किमान दोन ताळेबंद हातून पूर्ण झाल्यावर, कारण पहिल्या वर्षी तुम्ही दुसऱ्याच्या चुका बंद करता आणि दुसऱ्या वर्षी स्वतःच्या. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षे लागतात, म्हणून साडेचार वर्षांवर असाल तर तारीख पाहून निर्णय घ्यावा. निधीची रक्कम काढू नये, नव्या खात्यात वर्ग करावी. पाच वर्षांच्या आत काढली तर तिच्यावर करही लागतो. मुंबई-पुण्याला जावे का, असे विचारतात. ट्रेझरी, मोठी कर्जउभारणी किंवा विलीनीकरणाचे काम शिकायचे असेल तर जावेच लागेल. गांधीनगरजवळची गिफ्ट सिटीही आता त्या वाटेवर आहे. कारखान्याचे वित्त शिकायचे असेल तर बडोद्याइतकी चांगली जागा मला दुसरी ठाऊक नाही.

राजीनामा दिल्यावर नोटिशीचा काळ पूर्ण करावा आणि त्यात हस्तांतराचे टिपण लिहावे. पासवर्ड आणि फायलींच्या यादीने ते पूर्ण होत नाही. कोणत्या ग्राहकाची कोणती रक्कम कोणत्या कागदासाठी अडली आहे, तो कागद कोणाकडे आहे, बँकेला दिलेले कोणते आश्वासन कोणत्या तारखेला पुरे करायचे आहे, कोणत्या लहान पुरवठादाराचे ४५ दिवस कधी भरतात, हे त्यात असावे. आणि आपल्या जागेवर येणाऱ्याला शेवटच्या आठवड्यात एकदा बरोबर घेऊन फाटकापासून डिस्पॅचपर्यंत फिरवून आणावे, स्टोअरमधील भाईंशी त्याची नावानिशी ओळख करून द्यावी.